नागपूरचा मे पाह्यलेलं झाड

मेडिकल चालवणाऱ्या माणसाला एक खोड लागते, काहीही हातात आलं की आधी उलटं करून पाहायचं. बॅच नंबर काय, बनवलं कधी, एक्सपायरी कधी. घरी बिस्किटचा पुडा आला तरी माझा अंगठा आपोआप मागच्या बाजूला जातो आणि मुलगी म्हणते, आई तू किराणा घेऊन राहिली की धाड टाकून राहिली. नागपुरात मानेवाड्याला आमचं दुकान आहे, २० वर्षं होत आली, आणि इतक्या वर्षांत तारीख नसलेली एक स्ट्रिप मी काउंटरवरून पुढे सरकवली नाही. आता हीच बाई फुलांचे कंद कसे घेत होती, तर मोबाईलवर फोटो पाहून. रात्री अकरा वाजता, शटर पाडून घरी आल्यावर, एका हातानं जेवता जेवता.

तीन वर्षांआधी असंच एक 'इम्पोर्टेड लिली मिक्स' मागवलं. १० कंद, ४५० रुपये. फोटोत चार रंगांची ताटलीएवढी फुलं होती आणि मागे पवनचक्की वगैरे. घरी आलं ते खाकी पाकीट, आत लाकडाचा भुसा आणि त्यात लसणाच्या पाकळीपेक्षा जरा मोठे दहा काळपट गोळे. सवयीनं पाकीट उलटं केलं, मागे कोरं. कोणती जात, कुठं वाढवली, जमिनीतून कधी काढली, एक अक्षर नाही. आता माझ्या दुकानात कोणी असलं पाकीट आणून दिलं असतं तर मी त्याला पायरी उतरवून दिली असती, पण इथं मी काय केलं तर शेणखत, कोकोपीट, निंबोळी पेंड असा सगळा सरंजाम करून ते लावले. जुलैत दोन दणकून पाऊस झाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर फुलं. दहाच्या दहा गुलाबी. मी पाहतच राहिले, कारण हे फूल मी जन्मापासून ओळखत होते. काटोलला आमच्या माहेरच्या घरी न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं ही लिली पहिल्या पावसानंतर आपोआप यायची, कोणी लावली कोणालाच माहीत नाही, आई झाडता झाडता उपटून फेकायची तरी यायची. पावसाळी लिली. ४५ रुपयाला एक!

मुलीनं फोनवर शोधून सांगितलं की आई ते 'इम्पोर्टेड' काही खोटं नाही, ही मूळची अमेरिका खंडातलीच आहे. बरोबर आहे तिचं. तसं पाहिलं तर निशिगंधही मेक्सिकोचा, डेलियाही मेक्सिकोचा, ग्लॅडिओलस आफ्रिकेकडचा. आपल्या अंगणातलं निम्मं गणगोत बाहेरूनच आलेलं आहे. पण आले आणि इथले झाले. निशिगंधाचा हार घालताना कोणाला मेक्सिको आठवते?

तेव्हापासून मी रोपं आणि कंद औषधासारखे घ्यायला लागले. म्हणजे उलटं करून.

कंदाचं एक आहे, तुम्ही झाड विकत घेत नाही, झोपलेलं झाड विकत घेता. वर काहीच दिसत नाही, पान नाही फूल नाही, सगळं आत गुंडाळून ठेवलेलं. आणि प्रत्येकाची झोपायची वेळ वेगळी, झोपायचं कारणही वेगळं. निशिगंधाची पानं थंडी सरता सरता पिवळी पडतात, ग्लॅडिओलस उन्हाळ्यात झोपतो, फुटबॉल लिली तर अख्खा हिवाळा गायब असते आणि मेच्या शेवटी शेवटी, आपण कूलरसमोरून उठायला तयार नसतो तेव्हा, लाल भडक गोळा घेऊन वर येते, पानं मागून. म्हणून कंद चांगला की वाईट हे दुकानावर कमी आणि त्याला नीट झोपू दिलं की नाही यावर जास्त असतं. ओला असताना प्लास्टिकमध्ये कोंबला, तीन आठवडे गाडीत फिरवला, झोपेतून अर्धा जागा झाला की मग कितीही मोठ्या नर्सरीतून घ्या, तो येणार नाही.

हे मला ट्यूलिपनी शिकवलं, आणि चांगलंच शिकवलं.

ट्यूलिप मध्य आशियाच्या डोंगराकडचा. तिथं उन्हाळा कोरडा ठणठणीत, हिवाळा बर्फाचा. तो उन्हाळाभर जमिनीत झोपतो, झोपेतच आत पुढच्या वर्षीची कळी तयार करतो, आणि मग त्याला १२ ते १६ आठवडे थंडी पाहिजे, आपली नाही, फ्रिजसारखी थंडी. ती मिळाल्याशिवाय दांडा उंच होत नाही. श्रीनगरला दाल सरोवराजवळ जो मोठा ट्यूलिप बगीचा आहे, २००७ साली सुरू झालेला, तिथं थंडी फुकट मिळते आणि तरी कंद हॉलंडहून येतात. दिल्लीत नगरपालिकेवाले फेब्रुवारीत चौकाचौकात ट्यूलिप फुलवतात ते आधीच थंडी खाऊन आलेले असतात, फुलले, फोटो निघाले, संपले. पुढच्या वर्षी त्याच कंदातून फूल येईल ही आशा मैदानी मुलखात ठेवायचीच नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी काय केलं तर डझनभर ट्यूलिप मागवले, आणि त्यांना थंडी द्यायची एवढंच कोणाकडून तरी ऐकलं होतं. आता मेडिकलवाल्याकडे थंडीची कमी आहे काय? दुकानात इन्सुलिनचा फ्रिज आहे, २ ते ८ डिग्री, थर्मामीटर लावलेला, वही ठेवलेली. ट्यूलिपसाठी याच्यापेक्षा भारी जागा अख्ख्या मानेवाड्यात नसेल. मी नवऱ्याला म्हटलं खालच्या कप्प्यात कोपऱ्यात ठेवते, कोणाला दिसणार पण नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जसं मी गल्ल्यात कोंबडी ठेवायचं म्हणाले. "इन्स्पेक्टर आला तर काय सांगशील, हे कांदे औषधांच्या कोणत्या शेड्यूलमधले आहेत?" झालं. कंद घरच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या ट्रेमध्ये. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ट्रे उघडला.

"काय वं, हे कांदे फ्रिजमंदी कायले ठेवले? बाहेर सडून राह्यले का?"

मी म्हटलं आई, फुलाचे आहेत ते. तर म्हणाल्या, "कांद्याले बी फूलच येते."

डिसेंबरच्या शेवटी काढून लावले. नऊ उगवले. नुसती पानं, छान करकरीत पानं, आत कळी दिसायची आणि कागदासारखी वाळून जायची. एकच फुलला, तोही बोटभर उंचीचा, पानांत तोंड खुपसून बसलेला. दोन चुका होत्या. एक म्हणजे मी जेमतेम ८ आठवडे थंडी दिली होती, म्हणून दांडा आखूड. आणि दुसरी, जी मला खूप लागली कारण फार्मसी शिकलेल्या बाईला हे सुचायला पाहिजे होतं, त्याच ट्रेमध्ये सफरचंदं होती. पिकणारं सफरचंद इथिलीन नावाचा वायू सोडतं, केळी पिकवायला जो वापरतात तोच, आणि बंद फ्रिजमध्ये त्यानं कंदातली कळी आतल्या आत मरते. बाहेरून कंद टणटणीत. मी रोज सकाळी मुलीच्या डब्यासाठी सफरचंद काढायला तोच ट्रे उघडत होते, आणि ट्यूलिप बरे आहेत ना म्हणून प्रेमानं हात पण लावून पाहत होते.

परदेशातल्या साइटवरून थेट मागवायची हौस असेल तर तेवढी आवरा. बाहेरून कंद, रोपं आणायला २००३ चा क्वारंटाईनचा आदेश आहे, परवाना लागतो, तिकडचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं. एका पाकिटातल्या बुरशीनं शेजारच्या तालुक्याचं पीक जाऊ शकतं, त्यामुळे हा नियम मला तरी जाचक वाटत नाही.

निशिगंधाची गोष्ट याच्या उलट, आणि तिथं मला खरा विकणारा भेटला. झालं असं की सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमध्ये हार घ्यायला गेले होते, फुलवाल्या भाऊंच्या पुढ्यात निशिगंधाचा ढीग, वास असा की गाडीचा हॉर्न पण ऐकू येऊ नये. मी विचारलं भाऊ हे येतं कुठून. त्यांनी सहज एका शेतकऱ्याचा नंबर दिला. हिंगण्याच्या पुढे, दीड एकर निशिगंध. एप्रिलमध्ये आम्ही स्कूटीवर गेलो तेव्हा त्यांनी कंद काढून शेडमध्ये सावलीला पसरून ठेवले होते. म्हणाले ताई, आज काढून आज लावला तर मजा नाही, महिनाभर पडू द्या, आराम होऊ द्या, मग लावा.

मग त्यांनी एक गड्डी हातात घेतली आणि सुटी करून दाखवली. मधला सगळ्यात जाड कंद, त्याच्या डोक्यावर वाळलेल्या दांड्याचं खूट. "ही म्हातारी. हिला फूल येऊन गेलं, आता परत नाही येत. बाजारात शहरातला माणूस आला की हीच उचलते, मोठी दिसते म्हणून." त्याच्या बाजूचे, सुपारीपेक्षा जरा मोठे, ते घ्यायचे. सुपारीहून बारीक असले तर पहिल्या वर्षी नुसतं गवत पाहायचं. मी आयुष्यभर सगळ्यात मोठा कंद निवडत आले होते. माझ्यासारख्या गिऱ्हाईकाला ट्रेड भाषेत काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही.

निशिगंध सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांचा, घ्या की डबल, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. डबल दिसायला भरघोस, फुलदाणीत मस्त टिकतो. पण वास सिंगलचा, हार, गजरा सगळा सिंगलवर. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं काढलेली 'प्रज्वल' आहे, 'शृंगार' आणि 'मेक्सिकन सिंगल'चा संकर, कळीला हलकी गुलाबी झाक असते आणि उमललं की पांढरं. राहुरीच्या विद्यापीठाची 'फुले रजनी' आहे. नाव माहीत असलेला कंद आणि नाव नसलेला कंद, यात जेनेरिक आणि बनावट एवढा फरक आहे. जेनेरिक घ्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः लोकांना तेच देते, पण आत काय आहे ते कागदावर पाहिजे.

नागपुरात नावासकट रोप पाहिजे तर आधी महाराजबागेत जा. तिथं कृषी महाविद्यालयाची रोपवाटिका आहे, कॉलेज १९०६ पासूनचं, आता अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली. तिथं तुम्हाला सिरॅमिकच्या कुंड्या, झाडाला टांगलेली पाखरं, कॉफी असं काही मिळणार नाही. झाडं मिळतात. देशी झाडं पाहिजे असतील, कडुनिंब, बेहडा, कवठ असलं काही, तर सेमिनरी हिल्सवर वनखात्याची नर्सरी आहे. आणि संत्र्याचं कलम पाहिजे असेल तर अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, पण तिथं आधी चौकशी करून जा, गेले आणि उचलून आणलं असं सोयाबीन तेलासारखं ते होत नाही.

संत्र्याचं नाव निघालं की बाबा आलेच. काटोलला आमची छोटी बाग होती. कलमं आणायला बाबा वरूड तालुक्यात शेंदूरजना घाटला जायचे, संत्र्याच्या कलमांचं ते माहेरघर, अजूनही आहे. मी दहाअकरा वर्षांची असेन, एकदा हट्ट करून सोबत गेले. मला वाटलं बाजारात जातात तसं जाऊ, मोजू, आणू. बाबांनी सकाळची दुपार केली. वाफ्यात उकिडवे बसायचे आणि प्रत्येक कलमाच्या बुडाशी हाताची वीत लावायचे. अंगठा मातीला, करंगळी वर. डोळा, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरचा कोंब, जंबेरी लिंबाच्या खोडात जिथं भरला ती जागा करंगळीच्या वर पाहिजे. खाली असला तर ते कलम बाजूला. कारण खालचं खोड जंबेरीचं, वरचं संत्र्याचं नाजूक, ते मातीला टेकलं की जमिनीतल्या बुरशीनं डिंक्या लागतो, सालीतून डिंक गळतो आणि झाड उभ्या उभ्या जातं. वीत म्हणजे ९ इंच. पुढे मोठेपणी संशोधन संस्थेच्या एका पत्रकात मी हेच ९ इंच वाचलं आणि मला बाबांची करंगळी दिसली.

आणि वीत लावून झाली की ते नर्सरीवाल्याला म्हणायचे, "आता मायझाड दाखवा." ज्या झाडाचे डोळे काढले ते झाड. नर्सरीवाला म्हणायचा, अहो ते तिकडं दूर आहे, ऊन आहे. बाबा म्हणायचे, चला की, ऊन काय मले नवीन आहे. गेल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मला तेव्हा लाज वाटायची, बाप किती चिकट आहे म्हणून. मग आमच्या बांधाला लागून एका काकांची बाग होती, त्यांनी दारावर आलेल्या गाडीतून स्वस्तात कलमं घेतली, आमच्याच वर्षी. दोन्हीकडची झाडं सारखी हिरवी, सारखी उंच, काकांची तर जास्तच तरारलेली. पाचव्या वर्षी आमच्याकडे संत्री लागली. काकांच्या शंभरातल्या पंधरावीस झाडांवर जंबेरीची खडबडीत लिंबं. डोळा कधीच मेला होता, खालचा खुंट वर आला होता, आणि पाच वर्षं काका त्यालाच खत-पाणी घालत होते. पाच वर्षांनी कोणाच्या दारात जाऊन भांडणार, गाडी कोणाची ते पण आठवत नव्हतं. काकू ती लिंबं लोणच्याला म्हणून आमच्या घरी पाठवायच्या आणि आई काही न बोलता ठेवून घ्यायची.

गुलाबातही हेच, फक्त पाच वर्षं थांबावं लागत नाही. माझा पिवळा गुलाब एका पावसाळ्यात एकदम जोमात आला, लांब लांब फांद्या, मी खूश, आणि मग त्यावर बारक्या बारक्या भलत्याच फुलांचे घोस. कलमाच्या जोडाखालून फूट निघाली होती. पहिल्या दिवशी नखानं खुडली असती तर काम होतं.

पण नागपुरात झाड घेताना मी सगळ्यात आधी जो प्रश्न विचारते तो वेगळाच आहे. वर्धा रोड घ्या, हिंगणा रोड घ्या, ग्रीन नेट लावलेल्या नर्सऱ्यांची रांग आहे, आणि त्यातला बराचसा माल आंध्रातून येतो, राजमंद्रीजवळ कडियम म्हणून भाग आहे, गोदावरीकाठचा, गावंच्या गावं नर्सरीची. तिथली झाडं पाहून जीव हरखतो. चकचकीत पानं, भरपूर फुलं. पण ती वाढलेली असतात दमट हवेत आणि लाल मातीत. आणि आपल्याकडं काय आहे? २०१३ च्या मेमध्ये, २३ तारखेला, ४७.९ डिग्री. २०२४ मध्ये तर ३० मेला ५६ डिग्रीची बातमी आली होती, देशभरातून फोन, जिवंत आहे का विचारायला, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्ही नागपूरवाले मात्र दोन दिवस ते खरं धरून चाललो, आम्हाला त्यात अशक्य असं काही वाटलंच नाही.

म्हणून मी विचारते, भाऊ, हे झाड इथं कधीपासून आहे? प्रामाणिक माणूस असला तर सांगतो, काकू परवाच्या गाडीनं आलं. मग मी म्हणते, मागचं द्या. मागे, नेटच्या बाहेर, भिंतीला लागून जी रांग असते ना, दोन पानं पिवळी, पिशवीत गवत उगवलेलं, कोणी न घेतलेली, तिच्यात माझं झाड असतं. त्यानं नागपूरचा मे पाह्यलेला असतो. लोकांना पिशवीतलं गवत म्हणजे घाण वाटते, मला तो स्टॅम्प वाटतो. आता याचं पण टोक गाठू नका, फारच जुनं असलं तर मुळं पिशवीत गोल गोल फिरून दोरीचं बंडल झालेलं असतं, ते जमिनीत गेलं तरी गोलच फिरतं. बूड चाचपून पाहायचं, पिशवीबाहेर मूळ बोटाएवढं जाड निघालं असेल तर राहू द्या.

आणि घ्यायचं जुलैत. नर्सरी सगळ्यात सुंदर दिसते फेब्रुवारीत, पिटुनिया, डेलिया, सगळी दिवाळी, आणि कायमचं झाड घ्यायला सगळ्यात वाईट महिना तोच. पुढे अडीच महिने काय आहे ते झाडाला माहीत नसतं, आपल्याला तर माहीत असते न. लोक संक्रांतीनंतर हौसेनं हजारोंची झाडं आणतात, आणि मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा लागला की दुकानात येऊन मलाच विचारतात, मॅडम काही टॉनिक आहे काय. तरी आणलंच आंध्राचं झाड, तर तो लाल मातीचा गोळा तसाच काळ्या मातीत पुरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, गोळा वेगळा पडतो, आपण वरून पाणी घालतो ते भेगेतून खाली जातं आणि गोळा आत कोरडा. कडेकडेनं बोटांनी मोकळा करायचा, थोडी मुळं तुटतील, तुटू द्या.

ग्लॅडिओलसचं थोडक्यात सांगते, दसऱ्याच्या आसपास लावा, चपटा रुंद कंद दिसला तर तो म्हातारा, लहान पण उंच टोपीसारखा असेल तो घ्या, लावायच्या आधी बाविस्टिन या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, हातमोजे घालून.

एक गोष्ट मात्र मी विकत घेत नाही. पोळ्याच्या आधी एका आठवडी बाजारात एक बाई रानातले कंद घेऊन बसली होती, त्यात कळलावीचे. ओळखायला सोपे, नांगराच्या फाळासारखे वाकलेले, म्हणून तर संस्कृतात तिला लांगली म्हणतात. फूल काय सुंदर असतं, लाल-पिवळ्या ज्वाळा. शेजारीच रताळी पण होती, आणि माझ्या पोटात गोळा आला. कळलावीत कोल्चिसिन असतं. दुकानात मी ते गाउट या सांधेदुखीसाठी देते, अर्ध्या मिलिग्रामची गोळी, तेवढी. कंदात ते किती आहे हे मोजायला कोणी बसलेलं नसतं. बाईला म्हटलं मावशी, हे वेगळ्या टोपल्यात ठेवा, हात धुवून मग रताळ्याला लावा. ती म्हणाली आम्हाले माहीत आहे बाई, तुम्हीच शहरात गेल्यावर विसरू नका. आणि दुसरं म्हणजे ते रानातून उपटलेले. कळलावीच्या कंदाला कोंब फुटायची जागा टोकाशी असते, ते टोक मोडलं की संपलं, आणि टोपल्यातल्या निम्म्यांची टोकं मोडलेली होती. म्हणजे रानातून पण गेली आणि कोणाच्या कुंपणावर पण येणार नाही. तामिळनाडूत हिची शेती होते, तिकडं ते राज्यफूल आहे. शेतातला मिळाला तर घेईन.

आता आमच्या गच्चीवर माझ्याच पद्धतीनं कारभार चालतो. कंद काढले की दुकानातल्या औषधाच्या कागदी पाकिटात जातात, प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि बूड सडतं, आणि पाकिटावर स्टिकर, नाव, काढल्याची तारीख. जिथं सकाळ-दुपार-रात्र अशी खूण करतो तिथं मी 'जून' किंवा 'ऑक्टोबर' असं लिहिते. कॉलनीतल्या बायका हसतात पण पाकिटं घेऊन जातात आणि बदल्यात आपले कंद आणतात, तेही आता तारीख टाकून. सासूबाईंची फुटबॉल लिली वर्ध्याहून आलेली, त्यांच्या बहिणीकडची. दोन वर्षांआधी जानेवारीत कुंडी रिकामी दिसली म्हणून मी त्यात मिरचीची रोपं लावली होती. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "निजलेल्या माणसाच्या आंगावर खाट टाकली वं तू." तेव्हापासून रिकाम्या कुंडीवर पण स्टिकर आहे.

ट्यूलिप पुन्हा लावायचे नाहीत हे मी घरात जाहीर करून टाकलं होतं. नागपुरात ट्यूलिप म्हणजे कूलरमध्ये पेंग्विन. परवा, ऑक्टोबरच्या ३ तारखेला, माझा वाढदिवस होता. रात्री दुकान बंद करून घरी आले, पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर भाजीच्या ट्रेमध्ये आमच्याच दुकानाचं कागदी पाकीट. नवऱ्याचं अक्षर, डॉक्टरपेक्षा वाईट. ट्यूलिप, १० नग, मिळाले ३ ऑक्टोबर, लावणे ९ जानेवारी, त्याआधी उघडू नये. मी बोटावर आठवडे मोजले, १४ भरत होते. मागे वळून पाहिलं तर सफरचंदं सगळी बाहेर, डायनिंग टेबलवर परातीत काढून ठेवलेली, आणि सासूबाई एकेक पुसून पाहत होत्या की आता ही तीन महिने बाहेर कशी टिकतील.